घरचा माणूस असला तरी

माझी सवत म्हणजे एक वेबसाइट आहे, असं मी आपांना सांगितलं तेव्हा त्या झेरॉक्स मशीनवर हात ठेवून इतक्या हसल्या की गिऱ्हाइकाचे कागद वाकडे निघाले. मला हसू येत नव्हतं. मी त्यांच्या दुकानाच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि पडद्यावर माझ्या नवऱ्याने हाताने काढलेला कंधारच्या किल्ल्याचा नकाशा होता. खाली ‘पायवाट’ नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं, ‘किती सुंदर हात आहे तुमचा!’

हात! त्या हातात मी इतकी वर्षं चहाचा कप देत आले, त्याच्या बोटांवरचे शाईचे डाग घासून काढले, पण त्याला सुंदर म्हणायचं मला कधी सुचलं नाही. आणि ही कोण लागून गेली माझ्या नवऱ्याच्या हाताचं कौतुक करणारी? बाईच असणार. पुरुष पुरुषाच्या हाताला सुंदर म्हणत नाहीत.

आपा म्हणजे आमच्या लातूरच्या घरमालकीण. खाली त्यांचं झेरॉक्स आणि इंटरनेटचं दुकान, वर आमची एक खोली. दहावीनंतर मुलीला लातूरला क्लासला घातलं आणि तिच्यासोबत मी इथे खोली करून राहिले. त्या गल्लीत माझ्यासारख्या आया घरोघरी होत्या. नवरा गावाकडे नाहीतर नोकरीच्या ठिकाणी, आणि आई इथे गॅसवर वरणाचा कुकर लावून पोरीच्या किंवा पोराच्या वेळापत्रकाला बांधलेली. माझा नवरा नांदेडला पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन. आम्ही दोघी निघालो तेव्हा त्यांनी बसच्या खिडकीतून केळी आत दिली, अर्धापूरची, आणि म्हणाले, “माझी काळजी करू नको. मी ऱ्हातो.”

राहिले की! इतके छान राहिले की दर रविवारी पाठीवर पिशवी टाकून डोंगर चढायला लागले. मराठवाड्यातले किल्ले, लेणी, पडक्या बारवा पायी फिरणाऱ्या लोकांनी ती साइट चालवली होती. सगळे टोपणनावाने लिहायचे. माझे हे तिथे ‘बारव’ होते. घरात सकाळी ‘चहा झाला का’ आणि संध्याकाळी ‘भाजी कोणती’ याच्यापलीकडे न बोलणारा माणूस तिथे पानंच्या पानं लिहीत होता. अमक्या बुरुजावर वारा कसा लागतो, तमक्या पायरीवर कुणाच्या पावलांनी खळगा पडलाय. मी आपांच्या दुकानात बसून ते सगळं वाचायची आणि जळायची. दुसरा शब्द नाही.

“तेरे मियाँ तो शायर निकले,” आपा म्हणायच्या.

“मेरे मियाँ घर में मुके हैं,” मी म्हणायची. माझं हिंदी तसं आणि राग असा.

एके दिवशी मी सरळ साइटवाल्यांना पत्र पाठवलं. लिहिलं की ‘बारव’ या सदस्याची मी पत्नी आहे. तरी ‘पायवाट’ हे सदस्य स्त्री आहेत की पुरुष, तसेच रविवारी माझ्या पतींसोबत कोण कोण असतं, ते कृपया कळवावे. आपांनी वाचून तोंडाला पदर लावला. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. लातुरात राहून मला वाटायला लागलं होतं की माणसाची माहिती म्हणजे चौकातला नळ, ज्याने त्याने यावं आणि भरून न्यावं. मुलीचा दहावीचा निकाल लागला त्याच दुपारी आमच्या नांदेडच्या घरी फोन सुरू झाले होते. ताई, मुलीला विज्ञानात चांगले आहेत, गणितात जरा कमी पडलेत, आमच्याकडे पाठवा. नंबर कुठून मिळाला विचारलं तर म्हणायचे, असतो आमच्याकडे. क्लासमध्ये दर आठवड्याच्या परीक्षेनंतर भिंतीवर नावासकट नंबर लागायचे. खालच्या नंबरांची पोरं मान घालून पुढून जायची आणि त्यांच्या आयांना ते आधीच मोबाईलवर कळलेलं असायचं. वरच्या नंबरांची तोंडं चौकातल्या फलकांवर घराएवढी. मग माझ्याच नवऱ्याबद्दल मी विचारलं तर बिघडलं कुठे?

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ते मला अजून पाठ आहे.

‘ताई, नमस्कार. अशा नावाचे सदस्य आमच्याकडे आहेत की नाहीत, हेही आम्ही सांगत नाही. ज्याची माहिती त्यालाच देतो. घरचा माणूस असला तरी दुसऱ्याला देत नाही. तुम्ही त्यांनाच विचारा. चहा घेताना विचारा.’

खाली एका बाईचं नाव. शेवटच्या वाक्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या घरात चहा कधी होतो आणि तो घेताना काय विचारायचं, हे ही बया मला सांगणार! साइटवर ‘तुमच्या माहितीचं आम्ही काय करतो’ असं एक पान होतं, तेही मी त्याच रागात वाचून काढलं. खरं नाव कुणाला दिसत नाही. ज्या दिवशी चालायला जायचं त्याच्या आधी प्रत्येकाने आपला फोन, रक्तगट, औषधं आणि अडचण आल्यास कुणाला कळवायचं ते भरायचं. ते फक्त त्या दिवसाच्या म्होरक्याला दिसतं. परतल्यावर ज्याने त्याने ‘पोचलो’ असं लिहायचं. त्याचा ‘पोचलो’ आला की त्याने भरलेलं सगळं पुसून टाकतात. कुठे ठेवत नाहीत, कुणाला विकत नाहीत, कुणाला दाखवत नाहीत.

मला त्यातली एकच गोष्ट दिसली. अडचण आल्यास कुणाला कळवायचं. तिथे यांनी कुणाचं नाव लिहिलं असेल? माझंच असणार, दुसरं कुणाचं असणार? पण एकदा प्रश्न मनात आला तो आला. मुलीला डबा देताना तोच, कपडे वाळत घालताना तोच. त्या माणसाला काही झालं तर पहिल्यांदा कळायचा मान कुणाचा? माझा नसेल तर मग मी त्यांची कोण?

रात्रीच्या फोनवर मी हळूच विचारलं, “साइट कोण चालवतं हो?”

“एक बाई हायत. लातुरातच नोकरी करतेत. गाव औशाकडलं.” मग म्हणाले, “भूकंपातल्या हायत.”

मी पुढे काही विचारलं नाही. ‘भूकंपातल्या’ हा शब्द आमच्या घरात फार जपून ठेवलेला होता. यांचं गाव औसा तालुक्यातलं. भूकंप झाला तेव्हा हे नांदेडला नोकरीला नुकतेच लागले होते. गावाकडचं घर बसलं, त्यात सासूबाई गेल्या. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय. लग्नानंतर एकदाच, मी फार खोदून विचारलं तेव्हा, ते त्या दिवसाबद्दल बोलले होते. ऑफिसच्या फोनवर कुणा अनोळखी माणसाने गावाचं नाव, मग आईचं नाव घेतलं आणि ‘वारल्या’ म्हणून फोन ठेवला. त्याला पुढचे फोन करायचे होते. “घसा असा वाळला की बोंब मारावी म्हणलं तर आवाज निघंना,” हे म्हणाले होते. “अन् साहेबानं पुढचा नकाशा म्होरं सरकवला. त्यांला काय ठाव. कुनी पाणीसुदिक इचारलं न्हाई.” एवढंच. नंतर कधी विषय निघाला की उठून दार लावायला जायचे.

आणि माझा भूकंप? मांडणीवरची भांडी वाजली. आई झोपेत म्हणाली, मांजर शिरलं वाटतं. सकाळी रेडिओ लावला तेव्हा कळलं. यांच्या आणि माझ्यामध्ये ती एक सकाळ कायम पडलेली होती, आणि मी तिच्या अलीकडे. त्या बाई मात्र पलीकडच्या. यांच्या बाजूच्या. त्यांना काही सांगावं लागत नसणार, सगळं आधीच ठाऊक. एखाद्या बुरुजावर दोघं बसली असतील, पाण्याची बाटली मध्ये, आणि हे बोलत असतील. लोक दुसऱ्याच्या बंगल्याचा हेवा करतात, दागिन्यांचा करतात. मी त्या बाईच्या दुःखाचा हेवा करत होते. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. आपांनाही सांगितलं नाही.

मुलीची मेडिकलची परीक्षा तोंडावर आली. गल्लीत रेडिओसुद्धा हळू लागायचे. त्या रविवारी हे पुन्हा कंधारला गेले होते, नकाशात एक बाजू राहिली म्हणून. संध्याकाळी फोन यायचा तो आला नाही. रेंज नसेल म्हटलं. सोमवारी सकाळी मुलगी क्लासला गेली, मी पोळ्या लाटत होते, आणि दारात माझा धाकटा दीर उभा. हे भावजी औशाला असतात, मार्केटमध्ये हमालीचा हिशेब बघतात. न कळवता कधी येत नाहीत.

“भावजी, तुम्ही? या की. बसा, पाणी आणते.”

“तुमी बसा वैनी,” ते म्हणाले. चपला काढून सरळ आत आले, आमच्या माठातून तांब्या भरला, पेला शोधला आणि माझ्यापुढे धरला. “आधी पाणी घ्या.”

“अहो, पाहुणे तुम्ही का मी?”

“घ्या वैनी. पुरं घ्या.”

माझे हात पिठाचे होते. मी पेला तसाच घेतला. मला वाटलं या माणसाला उन्हाने काहीतरी झालंय. पेला रिकामा होईपर्यंत ते माझ्याकडे बघत उभे होते. मग खाली बसले आणि म्हणाले, “दादा हाय. चांगला हाय. बोलतोय, खातोय. किल्ल्याच्या पायरीवरून पडला, पाय मोडलाय. नांदेडला दवाखान्यात हाय. काल संध्याकाळीच नेलं.”

काल संध्याकाळी! मी नीट ऐकून घेतलं, रडले, गॅस बंद केला, आपांना मुलीकडे बघायला सांगितलं, पिशवी भरली. हे सगळं करताना एकच गोष्ट डोक्यात ठोके देत होती. काल संध्याकाळी पडले आणि मला आज सकाळी कळतंय, तेही दिराकडून. फोन माझ्याकडे आहे. तो चार्ज केलेला आहे. त्यावर क्लासवाले दर आठवड्याला मुलीचे मार्क पाठवतात. मग माझ्या नवऱ्याचा पाय मोडलेला त्यावर का आला नाही?

“तुम्हाला कुणी सांगितलं?” मी एसटीत भावजींना विचारलं.

“त्या साइटवाल्या बाईचा फोन आल्ता. कालच्या म्होरक्या त्याच होत्या. दवाखान्यात पोचल्यावर. म्हणल्या, सकाळी पोरगी क्लासला गेली की तुमी लातूरला जाऊन सांगा, फोनवर सांगू नका.”

म्हणजे त्यांना पहिल्यांदा कळलं. नंतर भावजींना. मग मला. मी तिसरी. नांदेड येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले आणि भावजींशी एक शब्द बोलले नाही, जशी काही चूक त्यांची होती.

यांचा पाय प्लास्टरमध्ये टांगलेला. मला बघून कसंनुसं हसले. “पोरीला सांगितलं न्हाई ना? परीक्षा होऊ दे.” मी कपाळाला हात लावून पाहिला, पायाला लावून पाहिला, मग रडले, मग ओरडले. त्या क्रमाने. एवढ्यात पडद्याबाजूने एक बाई आल्या. पंजाबी ड्रेस, पायात बूट, उन्हाने रापलेला चेहरा, माझ्याच वयाच्या. मी मनात जी रंगवली होती ती कुठे आणि या कुठे. तरी मला बरं वाटलं नाही. यांच्या उशाशी ठेवलेलं सफरचंद अर्धं कापलेलं होतं आणि सुरी त्यांच्या हातात होती.

मी त्यांना बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले.

“मला का कळवलं नाही?”

“कळवलं की वैनी. भावजी आले न्हाईत का?”

“मला! फोन!”

त्यांनी सुरी रुमालात गुंडाळली. “फोन कुणाला करायचा आन् कुणाला परस्पर करायचा न्हाई, ते जाणारा माणूस लिहून ठेवतो. आमी तसंच करतो. त्यांनी काय लिहिलं ते मी सांगणार न्हाई.”

“मी बायको आहे त्यांची.”

“हाव. म्हणून तर म्हणलं, त्यांनाच विचारा.”

पत्रात लिहिलं होतं तेच, त्याच शांतपणे. माझा आवाज चढला. नर्स वळून बघायला लागली. मी म्हटलं, नवराबायकोच्या मध्ये लपवालपवी करायला लावता तुम्ही, हे कसले नियम, कुणी केले?

“मी केले,” त्या म्हणाल्या. मग भिंतीला टेकून, माझ्याकडे न बघता बोलल्या. “मी तवा कालेजात होते वैनी. ढिगाऱ्यापाशी बसलेली. एक गाडी यायची, नावं लिहून न्यायची. दुसरी यायची, परत तीच नावं. घरात किती होते, कोण कोण गेलं, म्हातारी कंच्या खोलीत निजलेली. सगळे चांगलेच लोक होते. मदतच करीत होते. पर हरेकाला परत सांगायचं. एकानं फोटो काढला, पेपरात छापून आला, नावासकट. पुढं मला बघायला पाहुणे आले तर आत आल्या आल्या म्हणले, ही फोटूतली पोरगी न्हाई का? चहाच्या आधी. ते माझं होतं वैनी. मी कुणाला दिलं नव्हतं. तवा ठरवलं, कुणाचं काय घ्यायची येळ आली तर लागंल तेवढंच घ्यायचं, आन् काम झालं की त्याचं त्याला सोडायचं.”

 मला त्यांची माया वाटली, खरंच वाटली. आणि पाठोपाठ वाटलं, हे यांना माहीत असणार. हे ऐकताना यांनी मान हलवली असणार. मला मान हलवता येत नव्हती, कारण मला भांडी वाजल्याखेरीज काही आठवत नव्हतं. मी म्हटलं, “तरी मला कळवायला पाहिजे होतं,” आणि आत गेले.

दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्या चहालाच मी यांना विचारलं. त्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे, चहा घेताना.

“काय लिहिलं होतंत माझ्याबद्दल?”

“कुठं?”

“वेड घेऊन पेडगावला जाऊ नका. मला फोन करायचा नाही, असं लिहिलं होतंत ना? का?”

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. “आठवत न्हाई.”

“मग बघा ना साइटवर.”

“पुसलं. दवाखान्यातूनच ‘पोचलो’ लिहिलं. तुझ्या भावजींच्या फोनवरनं.”

म्हणजे ते गेलं. आता कुणालाच दिसणार नव्हतं. पण त्या बाईंनी ते वाचलं होतं! माझ्या नवऱ्याने माझ्याबद्दल कुठेतरी एक ओळ लिहिली, जन्मात पहिल्यांदा, आणि ती एका परक्या बाईने वाचली आणि मी नाही. काय असेल त्यात? बायको तापट आहे, दवाखान्यात तमाशा करील? बायको घाबरट आहे? बायकोला लातूरचं काम आहे, तिला त्रास नको? की बायकोला कळवून उपयोग नाही? शेवटचं मनात आलं की मी मुद्दाम भांडी आपटायची. हे प्लास्टरवर बोटांनी बुरूज काढत बसायचे.

मुलीची परीक्षा झाली, निकाल लागला, तिला औरंगाबादला प्रवेश मिळाला. चौकातल्या फलकावर तिचंही तोंड लागलं, आम्हाला न विचारता, वेणी वाकडी असलेला फोटो. ती दोन दिवस घराबाहेर पडली नाही. ती हॉस्टेलला गेली आणि मी लातूरची खोली सोडायला लागले. सामान बांधायला हे नांदेडहून आले, अजून जरा लंगडत. तेव्हाच मला साइटवर दिसलं की येत्या रविवारी औशाच्या किल्ल्यावर सगळे जमणार आहेत. सोपी वाट, नव्या लोकांनी यावं.

“मी जाऊन येते,” मी म्हटलं.

“तू? कशाला?”

“बघायला. पायवाट कोण आहे ते.”

हे हसले. पायाला अजून चढण झेपणार नव्हती, त्यामुळे त्यांना येता येणार नव्हतं, आणि ते त्यांना लागलं हे मला दिसलं. मला ते दिसल्याचा आनंदही झाला.

शनिवारी दुपारी मी आपांच्या दुकानात बसून नाव घातलं. टोपणनाव ‘पोळपाट’. आपा पुन्हा हसल्या. फोन लिहिला, रक्तगट लिहिला, औषधं काही नाहीत असं लिहिलं. मग आलं, ‘अडचण आल्यास कुणाला कळवायचं?’ मी विचार न करता भावजींचं नाव लिहिलं. यांचं का नाही लिहिलं? कारण यांना फोनवर तसलं काही सांगणं म्हणजे… नको. मला तो ऑफिसचा फोन आठवला, जो मी कधी पाहिलाही नव्हता.

खाली दुसरा प्रश्न होता. ‘कुणाला परस्पर फोन करू नये? त्यांना कसं सांगावं?’

मी लिहिलं, ‘माझ्या पतींना फोन करू नये. दिरांनी घरी जाऊन, समोर बसून सांगावं. आधी’

आणि माझी बोटं थांबली.

आधी पाणी द्यावं, असं मी लिहिणार होते. आणि मला भावजी दिसले. चपला काढून आत आलेले, आमच्याच माठातून आमचाच तांब्या भरणारे, पेला माझ्या पिठाच्या हातात देणारे. घ्या वैनी. पुरं घ्या. ते भावजींच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. ते कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, आणि ज्यांनी सांगितलं त्यांनी ते वाचून सांगितलं होतं. ज्या माणसाला त्याच्या आईचं कळलं तेव्हा कुणी घोटभर पाणी विचारलं नाही, त्या माणसाने रविवारी पहाटे पिशवी भरताना एवढं लिहून ठेवलं होतं की माझ्या बायकोच्या वेळी असं होऊ नये.

आणि ती ऑफिसातली गोष्ट तर यांनी फक्त मला सांगितली होती. एकदाच, पण मला. मी इतके महिने त्या बाईंचा हेवा करत बसले, आणि तो पेला पिऊन तोंडही पुसलं होतं.

“रोती क्यूँ है?” आपा म्हणाल्या. “पॉवर जाईल आता, जल्दी कर.”

मी उरलेलं लिहिलं. ‘आधी पाणी द्यावं. पेला पूर्ण संपू द्यावा. मग सांगावं.’ आणि पाठवून दिलं.

औशाचा किल्ला पाहिला. मला धाप लागली आणि फोड आले. त्या बाई म्होरक्या होत्या. जायच्या आधी सगळ्यांचं वाचून येतात, त्यामुळे माझंही वाचलेलं होतं. वर तटावर बसलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “त्यांनी काय लिहिलं होतं, तुम्हाला आठवतं ना?”

“पुसलं वैनी.”

“डोक्यातलं?”

“तेबी.” पण त्यांनी आपली बाटली उघडून माझ्यापुढे धरली, आणि तेव्हा मला त्यांचा राग आला नाही. पुष्कळसा आला नाही. थोडा राहिलाच, कारण ती ओळ त्यांनी पाहिली होती आणि मी फक्त तिचं पाणी प्यायले होते. पायवाट कोण ते मात्र कळलं नाही. तिथे आलेल्यांत बाया होत्या, बाप्ये होते, देगलूरचे एक निवृत्त मास्तर होते, आणि कुणी कुणाला खरं नाव विचारत नव्हतं. आजही मला माहीत नाही.

परत आल्यावर आधी दुकानात शिरून ‘पोचले’ लिहिलं. मग वर गेले. हे दारातच होते. सामानाच्या खोक्यांमधून वाट काढत माठापाशी गेले आणि पेला भरून आणला. मी तो पुरता प्यायले. सावकाश.

“कसा झाला किल्ला?”

“छान.”

थोडा वेळ खोक्याची सुतळी ओढत बसले. मग, माझ्याकडे न बघता, “ते माहितीचं भरलंस ना? दुसऱ्या प्रश्नाला कुणाचं नाव घातलंस?”

“तुमचं.”

“अन् काय लिहिलंस?”

मी पदराने तोंड पुसलं. “आठवत नाही.”

“बाईंनी वाचलं असंल की.”

“वाचलं असणार. आता पुसलं.”

त्यांनी सुतळीला मारलेली गाठ सोडली, पुन्हा मारली, पुन्हा सोडली. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्यावरून जळणारा माझा नवरा मी पहिल्यांदा बघत होते. मी पेला पालथा घातला आणि त्यांच्या शेजारी बसून खोकी बांधायला लागले.